गंज

आमच्या मालवणच्या घरात दर मे महिन्यात एक काम ठरलेलं असे. पावसाच्या आत बाबा खिडक्यांचे गज पॉलिश पेपरने घासायचे आणि मागोमाग मी रेड ऑक्साइडचा हात मारायचो. समुद्र हाकेच्या अंतरावर, खारा वारा कशालाच सोडत नसे. बाबांच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याचे स्क्रूसुद्धा त्याने खाल्ले. बारा फोटोंचा रोल घालायचा तर मागचं झाकण नखाने उकलावं लागे. गंज म्हणजे घरात शिरलेला चोर, हे तेव्हाच मनात पक्कं बसलं.

पुढे नोकरीने मला स्पेनच्या बास्क भागातल्या सान सेबास्तियानला नेलं. ओंदारेताची चौपाटी जिथे संपते, तिथल्या खडकांत एदुआर्दो चियीदा यांची तीन पोलादी शिल्पं १९७६ पासून रोवलेली आहेत. नाव ‘वाऱ्याची फणी’. प्रत्येकाचं वजन सुमारे १० टन. जाड, वाकवलेले दांडे, उघडत्या मुठीच्या बोटांसारखे. चियीदा याच गावचे. तरुणपणी रेआल सोसिएदादचे गोलरक्षक होते, गुडघा दुखावला आणि खेळ सुटला. लाटेसमोर पसरलेली ती बोटं पाहताना मला हे दर वेळी आठवतं.

रंगाचा मात्र थेंब नाही. पोलादच असं निवडलेलं, की त्यावर गंज चढावा. पहिल्या दिवशी मी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही.

नंतर कितीदा तरी गेलो. शटर लांबवून पाण्याचं धुकं केलं. फोटो देखणे आले, पण खोटे वाटले. तिथे पाणी आपटतं. लुईस पेन्या गांचेगी यांनी बांधलेल्या चौकाच्या फरशीत भोकं आहेत. लाट खाली घुसली की त्यांतून वारा आणि पाणी उसळून येतं, पायाखाली हुंकार उठतो. मग सेकंदाच्या हजाराव्या भागावर लाट धरायला लागलो. दर पाच मिनिटांनी भिंगावरचं मीठ पुसायचं, पुन्हा डोळा लावायचा. ओला गंज जवळजवळ काळा दिसतो, सुकला की जुन्या कौलासारखा. एका सांध्याखाली तांबूस ओघळ खडकाच्या भेगेत उतरला होता. तो फोटो मी मोठा छापून घेतला.

सुट्टीत घरी आलो तेव्हा बाबांपुढे ठेवला.

“किती वर्षं झाली याला?”

“पन्नासच्या आसपास.”

ते काही बोलले नाहीत. कागदावरच्या गंजावरून त्यांनी अंगठा फिरवला, गज घासायच्या आधी फिरवायचे तसाच, वरून खाली, सावकाश.