डोहाळे सुनेचे, कृती विहीणबाईंची

डोहाळे कशाचे लागावेत याला काही धरबंध नसतो. कुणाला चिंचा-आवळे, कुणाला ओल्या मातीचा वास, तर कुणाला रात्री अकरा वाजता गरम भजी! आपला रिवाज एवढाच, की डोहाळे विचारायचे आणि होतील तेवढे पुरवायचे. ओटी भरताना आपण सगळ्याजणी मोठ्या हौसेने विचारतो, "काय खावंसं वाटतंय गं?" उत्तर श्रीखंड नाहीतर पुरणपोळी येणार हे ठाऊक असते, म्हणून तर विचारायला भीती वाटत नाही.

माझ्या सुनेने उत्तर दिले, "रिब्ज." म्हणजे डुकराच्या बरगड्या.

थांबा, नाक मुरडू नका. आधी सगळे ऐकून तर घ्या.

माझा मुलगा अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत असतो. सून तिथलीच. तिला सातवा लागला तेव्हा आम्ही दोघे तिकडे होतो. जानेवारीचे दिवस, दाराबाहेर वीतभर बर्फ. डोहाळजेवणाला विहीणबाई यायच्या होत्या, पण त्यांचे गाव चार तासांच्या अंतरावर आणि रस्ते बंद. त्या येऊ शकल्या नाहीत. पोर दिवसभर हसत होती, हिरवी साडी सावरत होती, पण डोळे सारखे दाराकडे.

तिचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. चार जुलैला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, ते पहाटे उठून अंगणात लाकडाच्या धुरावर या बरगड्या भाजायला ठेवत आणि दुपारी सगळे घर जेवायला बसे. मुलगा म्हणाला, "हॉटेलातून आणतो." कॅन्सस सिटीत त्यांना काय तोटा! पण ती म्हणाली, "नको, हॉटेलच्या नकोत." एवढेच. पुढे काही बोलली नाही.

आता आमचे घर म्हणजे बुधवारी मासळी, रविवारी मटण. पण डुकराने उंबरा ओलांडलेला नाही. ह्यांनी तर सांगूनच टाकले, "तुम्हाला करायचं ते करा. माझं पान वरच्या खोलीत आणून द्या." मी मनात म्हटले, निदान एक वेगळा पत्र्याचा ट्रे आणावा, काम झाले की फेकून द्यावा. मग लक्षात आले, स्वयंपाकघर तिचे, ओव्हन तिचा, ट्रेसुद्धा तिचाच; सोवळे तेवढे माझे. तिच्या वडिलांच्या आठवणीचा पदार्थ फेकायच्या ट्रेमध्ये करून वाढला असता, तर त्या पोरीला न सांगता सगळे कळले असते. घरातला रोजचा जाड ट्रे मी ओट्यावर काढला आणि विहीणबाईंना फोन लावला.

त्यांचे इंग्रजी मला अर्धे कळते, माझे त्यांना पाव. पण आकडे आणि मिनिटे दोघींना कळतात. त्या म्हणाल्या, अंगणातले काम त्यांच्या यजमानांचे. थंडीत बाहेर चूल पेटत नसे, तेव्हा घरातला ओव्हन त्यांचा. मला हसूच आले. आपल्याकडे कोल्हापूरकडच्या जत्रेत मटणाचा मोठा हंडा पुरुषच ढवळतात आणि वाहवा घेतात, वर्षभर घरातला रस्सा मात्र बाईच्या वाट्याला! जगात सगळीकडे सारखेच, नाही का?

तिकडे या पदार्थाचे मोठे प्रस्थ आहे. कॅन्सस सिटीत हेन्री पेरी नावाचा एक कृष्णवर्णीय स्वयंपाकी होऊन गेला. 1908 च्या सुमारास तो तिथल्या कामगारांना धुरावर भाजलेले मांस विकू लागला, आणि त्या शहराच्या या परंपरेचा जनक म्हणून आज त्याचेच नाव घेतात. मेम्फिसला कोरडा मसाला चोळलेल्या बरगड्या आवडतात, तर कॅन्सस सिटीला टोमॅटो आणि मोलॅसिसचा दाट गोड-आंबट सॉस हवा. मोलॅसिस म्हणजे उसाच्या रसाचा काळसर, जरा कडवट पाक. आपल्या काकवीच्या नात्यातला.

दुकानात दोन प्रकार दिसतात. पाठीच्या कण्याजवळच्या बरगड्या लहान आणि वाकड्या असतात, त्यांवर चरबी कमी. त्यांना बेबी बॅक म्हणतात. नावावर जाऊ नका, त्या पिलाच्या नसतात! पोटाकडच्या लांब आणि चपट्या, त्यांत चरबी जास्त, म्हणून चवही जास्त. त्यांच्या टोकाची कुर्ची काढून चौकोनी कापल्या की त्यांना सेंट लुइस म्हणतात. विहीणबाईंनी सेंट लुइसच आणायला सांगितल्या.

पहिला प्रश्न मी केला, "आधी शिजवून घेऊ का?" आपला हात कुकरकडेच जाणार ना! त्या जवळजवळ ओरडल्याच. पाण्यात उकळल्या की चव पाण्यात उतरते आणि बरगडी फिक्की पडते. मग मऊ कशाने होतात? तर मंद आचेने आणि वेळाने.

हे जरा नीट सांगते, कारण सगळी मेख इथेच आहे. बरगडीच्या मांसात चिवट धागे पुष्कळ असतात, त्यांना कोलॅजन म्हणतात. मोठ्या आचेवर मांस शिजते, पण हे धागे आवळतात आणि घास रबरासारखा होतो. तेच मांस झाकून, मंद उष्णतेवर तास-दोन तास ठेवले की धागे हळूहळू विरघळून त्यांचे जिलेटिन होते. पायांचा रस्सा थंड झाला की थिजतो, पाहिलेय ना तुम्ही? ते हेच. म्हणून ओव्हनमध्ये घाई चालत नाही. उष्णता वाढवून वेळ वाचवायला जाल, तर दोन्ही जातील.

दुसरी गोष्ट पडद्याची. बरगडीच्या आतल्या बाजूला पातळ, चकचकीत पापुद्रा असतो. तो तसाच राहिला तर मसाला आत जात नाही आणि खाताना कागद चावल्यासारखे वाटते. एका टोकाच्या हाडावर बोथट सुरीचे टोक पापुद्र्याखाली सरकवायचे, सुटलेला कोपरा कागदी रुमालाने घट्ट धरायचा आणि ओढायचा. कोरड्या कागदाशिवाय तो हातातून निसटतो. नीट धरला तर एका दमात निघतो, फणसाच्या गऱ्यावरची साल निघावी तसा.

गर्भारशीला द्यायचे म्हणून माझ्या मनात जंतांची धास्ती होती. ती खोटी नाही. हे मांस कच्चे राहिले तर जंत होऊ शकतात. अमेरिकेच्या शेतीखात्याने 2011 पासून अखंड तुकड्यांसाठी 63 अंश सेल्सिअस आणि नंतर तीन मिनिटे विसावा, असा नियम सांगितला आहे. आपल्या या बरगड्या मऊ व्हायला आतून 90 अंशांच्या वर जाव्या लागतात, म्हणजे ती काळजी उरत नाही. मात्र कच्च्या मांसाची सुरी-फळी लगेच साबणाने धुवा आणि कोशिंबिरीची काकडी तिच्यावर चिरू नका.

आता कृती.

साहित्य : सेंट लुइस बरगड्यांची एक अखंड पट्टी (साधारण सव्वा किलो), तीन मोठे चमचे ब्राउन शुगर (किंवा चिरलेला गूळ), दोन लहान चमचे मीठ, एक मोठा चमचा पाप्रिका (किंवा रंगाची, कमी तिखट मिरचीपूड), मिरेपूड, मोहरीची पूड, लसणाची आणि कांद्याची पूड प्रत्येकी एक लहान चमचा.

सॉससाठी : एक वाटी टोमॅटो केचप, पाव वाटी मोलॅसिस किंवा काकवी, पाव वाटी व्हिनेगर, अर्धा लहान चमचा मोहरीची पूड, चवीपुरते तिखट.

कृती : बरगड्या कागदाने टिपून कोरड्या करा आणि पापुद्रा काढा. मसाला एकत्र करून दोन्ही बाजूंना चोळा. वेळ असेल तर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, नसेल तर अर्धा तास पुरे. ओव्हन 275 अंश फॅरनहाइटवर, म्हणजे 135 सेल्सिअसवर आधी तापवून घ्या. बरगड्या मांसाची बाजू वर करून अॅल्युमिनियम फॉइलच्या दुहेरी कागदात घट्ट गुंडाळा. कडा दुमडा, वाफ बाहेर जाता कामा नये. ट्रेमध्ये ठेवून अडीच ते तीन तास भाजा. मधे उघडून बघू नका. तोवर सॉसचे साहित्य मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे दाट होईपर्यंत उकळा. मग फॉइल जपून उघडा, वाफ हाताला चटका देते. सुटलेले पाणी ओतून बाजूला ठेवा. बरगड्यांना सॉस लावून, उघड्याच, 350 फॅरनहाइटवर (180 सेल्सिअस) वीस मिनिटे ठेवा. मधे एकदा पुन्हा सॉस लावा. बाहेर काढल्यावर दहा मिनिटे थांबून मगच हाडांमधून कापा.

झाले की नाही ते कसे ओळखायचे? फॉइल उघडल्यावर हाडांची टोके अर्धा-पाऊण सेंटिमीटर बाहेर दिसायला हवीत. पट्टी चिमट्याने मधोमध उचलली की ती वाकते आणि वरच्या मांसाला भेग पडते. लाकडी दातकोरणे हाडांमधल्या मांसात लोण्यासारखे शिरते. शिरले नाही तर पुन्हा गुंडाळून अर्धा तास ठेवा, बिघडत काही नाही. हाड हातात आणि मांस ताटात, इतके मऊ पुष्कळांना आवडते. पण तिकडच्या स्पर्धांतले परीक्षक म्हणे त्याला जास्त शिजले म्हणतात. चावले की घासापुरतेच मांस सुटावे आणि खालचे हाड स्वच्छ दिसावे, ही त्यांची खूण.

दोन तासांनी घरभर वास सुटला. सूनबाई जिन्यावरून खाली आली, ओव्हनच्या काचेसमोर खुर्ची ओढून बसली आणि वडिलांच्या गोष्टी सांगू लागली. ते पहाटे कुठली टोपी घालायचे, पाहुण्यांनी झाकण उघडले की कसे रागवायचे. एवढ्या महिन्यांत ती वडिलांबद्दल इतकी पहिल्यांदाच बोलत होती. मुलगाही ऐकत उभा. त्यालाही यातले निम्मे ठाऊक नव्हते.

जेवायला बसलो तेव्हा मी ह्यांचे वरण-भाताचे पान वर न्यायला उचलले. हे म्हणाले, "ठेव इथंच." बरगडीला हात लावला नाही त्यांनी, पण शेवटपर्यंत टेबलावर बसले आणि टोपीची गोष्ट तिला पुन्हा सांगायला लावली. सून खाताना रडली आणि हसलीही. "डॅडच्यात धूर होता," म्हणाली. धुराची चव ओव्हनला कुठली येणार? पण तिसरी बरगडी तिने मागून घेतली. मी खाल्ले का, असे तुम्ही विचारणारच! टोकाची एक बरगडी खाल्ली. मीठ बरोबर होते.

वसईच्या आणि गोव्याच्या भगिनी हे वाचून हसत असतील. त्यांच्याकडे व्हिनेगर घातलेले इंदयाल नाताळच्या ताटात असतेच, त्यांना मी काय शिकवणार! ज्या घरांत हे मांस चालत नाही, त्यांनी हीच रीत बकऱ्याच्या छातीकडच्या बरगड्यांना लावून पाहावी. आपल्या छोट्या ओव्हनमध्ये अख्खी पट्टी मावत नाही, तेव्हा खाटकाकडून दोन तुकडे करून घ्या. आले-लसूण, दही आणि घरचा मसाला लावा, फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून 150 सेल्सिअसवर दोन तास ठेवा, मग उघडून वरून रंग आणा. कुकरच्या शिट्ट्यांनी मऊ झालेले मटण आणि हे, यांतला फरक पहिल्या घासाला कळेल. डुकराचे मांस घ्यायचे तर मात्र परवान्याच्या, स्वच्छ दुकानातूनच घ्या.

आणखी एक. घरात सून आली की तिच्या माहेरचा एक तरी पदार्थ शिकून घ्या, आणि कृती सुनेला विचारण्यापेक्षा विहीणबाईंना विचारा. सुनेला चव आठवते, पण प्रमाण नाही. शिवाय विहीणबाईंना फोन करायला एक निमित्त मिळते. आम्हा दोघींचा फोन त्या दिवशी मीठ-मसाल्यावरून सुरू झाला, तो तासभर चालला. शेवटी त्यांनी मला विचारले, डिंकाचे लाडू कसे करतात? बाळंतपणाला त्या स्वतः करून आणणार होत्या. मी सांगितले, डिंक मंद आचेवरच तळा, घाई करू नका.