भात्यातली टोकं

२ नोव्हेंबर
कुकडीच्या पात्रातून आणलेल्या कॅल्सिडनीची दोन टोकं पुरी झाली. लाकडी मुठीत बसवलेल्या तांब्याच्या टोच्याने कडेवर दाब द्यायचा, छिलका खाली उडतो. उजेडात धरलं तर कड मधाच्या रंगाची दिसते.

३ नोव्हेंबर
खाटकाकडच्या शिरा वाळल्या. ठेचून धागे काढले, तोंडात ओले केले, दांड्याभोवती आवळले. वाळताना स्वतःच घट्ट होतात. वरून राळ, मेण, कोळशाची पूड.

६ नोव्हेंबर
भाता पाठीला लावून वेताळ टेकडीवर गेलो. चढ, उतार, थोडं धावणंही. घरी येऊन भाता उलटा केला तर तळातून चुरा पडला. एकही बाण सुटला नाही आणि दोन टोकांचे शेंडे गेले.

७ नोव्हेंबर
भिंगातून पाहिलं. तळाचं कातडं मऊ आहे, त्याचा दोष नाही. टोकं एकमेकांना लागतात. हा दगड शिंपल्यासारखा सुरेख फुटतो, म्हणून तर त्याला धार येते. तोच गुण इथे मारतो.

९ नोव्हेंबर
रात्री ओट्झीचा भाता पुन्हा वाचला. आल्प्सच्या बर्फात, ३२१० मीटरवर, १९९१ साली सापडलेला माणूस. सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा. भात्यात १४ बाण, पण गारगोटीची टोकं फक्त दोघांना. ती बर्चच्या सालीच्या डांबरात बसवून दोऱ्याने बांधलेली. बाकीचे नुसते दांडे. शिवाय शिंगाचे तुकडे, जनावराच्या शिरा, दोरी. कातड्याच्या भात्याला ताठ ठेवायला हेझलची काठी.
उत्खननात एरवी दगड हाती येतो. त्याला जपणारं कातडं, लोकर, साल सगळं कुजलेलं असतं. आपण टोकं मोजत बसतो आणि ती नेली कशी हे कुणी विचारत नाही. मला हेच विचारायचंय.

१० नोव्हेंबर
भाची आली होती. भाता बघून म्हणाली, "मामा, सगळ्यांना टोकं कशाला लावलीस?"

१३ नोव्हेंबर
घोंगडीचा तुकडा तळाशी. धागे धारेत अडकतात, एक बाण ओढला की शेजारचाही वर येतो.

१४ नोव्हेंबर
शेवरीचा कापूस. टेकडी चढेस्तोवर दबून बसला.

१६ नोव्हेंबर
दक्षिण आफ्रिकेतल्या सान शिकाऱ्यांचे जुने बाण. दांडा पोकळ बोरूचा, हाडाचं विषारी टोक सुटं. चालताना टोक उलटं करून बोरूच्या आत ठेवायचं. शिकार दिसली की काढून सरळ लावायचं. टोक सुरक्षित, शिकारीही. वाचून बराच वेळ उठवेना.
आपलं टोक चपटं, बोरूत मावणार नाही. कातड्याच्या टोप्या शिवून बघितल्या. टोक वाचतं, पण टोपी काढेपर्यंत हरिण थांबेल का? जपणं आणि हाताशी असणं, दोन्ही हवं. सगळी अडचण तिथेच.

१९ नोव्हेंबर
भाचीचं ऐकलं. दोनच बाण टोकांसह. भात्यात उभा कातड्याचा पडदा शिवला, प्रत्येकाला वेगळा कप्पा, टोकं खाली. बाकीचे दांडे मोकळे. सुटी टोकं एकेक पळसाच्या पानात गुंडाळून कंबरेच्या बटव्यात. शिरा आणि राळेचा गोळाही त्यातच. ओट्झीनेही याच कारणाने तसं केलं असेल असं म्हणवत नाही. त्याचं काम कदाचित अर्धवट राहिलं असेल. पण भाता पाठीला लागला की ही मांडणी पटते.

२० नोव्हेंबर
पाऊस. शिरा सैलावल्या. राळेचा हात नीट पोचला नव्हता तिथेच.

२३ नोव्हेंबर
आतकरवाडीतून सिंहगड. मुद्दाम भरभर चढलो, दोनदा घसरलो. वर गेल्यावर पडद्याच्या दोन्ही बाजूंना बोट घालून पाहिलं. दोन्ही टोकं शाबूत. बटव्यातलं एकही पान फाटलं नव्हतं. उतरताना दुपारचं ऊन लागलं आणि राळ मऊ पडली, एक टोक किंचित कललं. कोळशाची पूड वाढवायची, मेण कमी करायचं. मंडईत जुन्या काष्ठौषधीवाल्याकडे राळ मिळेल का, उद्या सकाळी बघतो.