आठ सेकंदांचा हिशोब

मल्टीस्पिंडल सीएनसी लेथच्या कोटेशनवर एक आकडा नेहमी जाड ठशात असतो : सायकल टाइम ८ सेकंद. दर आठ सेकंदांना एक तयार नग ट्रेमध्ये पडणार. ज्याच्या साध्या सीएनसी लेथवर तोच नग ४२ सेकंद घेतो, त्या कारखानदाराची झोप उडवायला एवढा आकडा पुरेसा आहे. माझं काम प्रक्रिया-आखणीचं. कोणता नग, कोणत्या यंत्रावर, किती टप्प्यांत आणि किती पैशांत निघेल, हे कागदावर मांडून देणं. त्यामुळे खामगाव, मलकापूर, चिखलीकडच्या मंडळींचा दसरा-दिवाळीच्या सुमारास ठरलेला प्रश्न असतो, “साहेब, पाडव्याला मल्टीस्पिंडल बुक करू का?” त्यावर मी विचारतो, “भाऊ, नग कोणता?” उत्तर बहुतेक वेळा “नग काय, मिळतीलच” असं येतं. अडचण तिथूनच सुरू होते.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात लेथ आला तो दुरुस्तीसाठी. खामगावची कापूस बाजारपेठ एवढी मोठी होती की, १८७० साली जलंबहून खास रेल्वेफाटा आला आणि व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आले. जिनिंग-प्रेसिंगच्या यंत्रांचे शाफ्ट, बुश, पुली कातून देणं हे लेथवाल्याचं काम. रोज नवा जॉब, रोज नवं डोकं. गंमत अशी की, तो रेल्वेफाटा आल्यानंतर तीनच वर्षांनी, १८७३ मध्ये, अमेरिकेत क्रिस्टोफर स्पेन्सर यांनी कॅमवर आपोआप चालणाऱ्या स्क्रू-लेथचं पेटंट घेतलं. तिथे कल्पना नेमकी उलटी होती : डोकं एकदाच चालवायचं आणि मग तोच नग लाखो वेळा काढायचा. मल्टीस्पिंडल हे त्या दुसऱ्या घराण्यातलं यंत्र आहे. ते विकत घेताना आपण आपल्या धंद्याची जातच बदलत असतो, हे आधी मनाशी पक्कं करावं.

यंत्राची रचना समजायला अवघड नाही. एका मोठ्या ड्रममध्ये सहा (किंवा आठ) स्पिंडल गोलाकार बसवलेले असतात आणि प्रत्येकात एक बार फिरत असतो. पहिल्या स्थानावर फेसिंग, दुसऱ्यावर बाहेरचं रफ टर्निंग, तिसऱ्यावर ड्रिल, चौथ्यावर आटे, पाचव्यावर फिनिशिंग, सहाव्यावर पार्टिंग. सगळी कामं एकाच वेळी चालतात. मग ड्रम एक घर पुढे सरकतो आणि एक नग खाली पडतो. जुन्या कॅमच्या यंत्रांत सगळे स्पिंडल एकाच वेगाने फिरत. जर्मनीतल्या एस्लिंगेनची इंडेक्स किंवा स्वित्झर्लंडमधल्या मूतिएची टॉर्नोस यांच्या सीएनसी मल्टीस्पिंडलमध्ये प्रत्येक स्पिंडलला स्वतंत्र मोटर असते, त्यामुळे ड्रिलला एक वेग आणि आट्यांना दुसरा देता येतो.

पण पंगतीत सगळ्यांत सावकाश जेवणाऱ्यासाठी जशी सगळी पंगत बसून राहते, तसंच ड्रमचं असतं. पाच स्थानांवरचं काम चार सेकंदांत उरकलं आणि खोल भोक पाडायला बारा सेकंद लागले, तर यंत्र बारा सेकंदांचंच. ते ड्रिल दोन स्थानांत वाटून घेतलं तरच आठावर येता येतं. म्हणून कोटेशनमधल्या ‘८ सेकंद’पेक्षा मला प्रत्येक स्थानाची वेगळी वेळ हवी असते. पार्टिंगनंतर नगाची मागची बाजू कोण आणि किती वेळात करणार, हेही त्यातच लिहून घ्यावं. मागची बाजू धरणारा स्पिंडलच पुष्कळदा सगळ्यांत हळू निघतो.

आता एक नमुना हिशोब मांडू. समजा, वाहन उद्योगासाठी सेन्सरची पितळी बॉडी करायची आहे. १६ मिलिमीटरचा गोल बार, नगाची लांबी २२, पार्टिंगला अडीच. म्हणजे नगामागे साडेचोवीस मिलिमीटर बार आणि सुमारे ४२ ग्रॅम पितळ. तयार नग भरतो १८ ग्रॅम. उरलेले २४ ग्रॅम चिप्स. आठ सेकंदांनी तासाला ४५० नग. तीन पाळ्यांत खरे चालते अठरा तास धरले, तर दिवसाला ८,१०० आणि पंचवीस दिवसांत दोन लाखांवर नग. ऐकायला गोड. पण त्यासाठी महिन्याला लागणारं पितळ होतं साडेआठ टन. किलोला ६०० रुपये भाव धरला, तर दरमहा ५१ लाखांचा माल. ग्राहकाने पैसे तीन महिन्यांनी दिले, तर दीड कोटी रुपये नुसत्या पितळात अडकून राहतात. बँकेकडे सगळे यंत्राच्या कर्जासाठी जातात. खेळतं भांडवल कुठून येणार, हे मी विचारल्याशिवाय सहसा कुणी काढत नाही.

त्यात महिन्याला जवळपास पाच टन चिप्स. पितळी सुट्या भागांचं देशातलं मोठं केंद्र जामनगर. तिथे भंगार वितळवणारे, बार ओढणारे आणि नग कातणारे एकाच गावात नांदतात. चिप्स द्यायचे आणि बार आणायचा, असा व्यवहार गल्लीत होतो. आपल्याला त्याच चिप्सच्या वाहतुकीचं भाडं भरावं लागतं. तीन मीटरच्या बारचं शेवटचं टोक कोलेटला धरता येत नाही. ते १०० मिलिमीटर धरलं, तरी दिवसाला सत्तरेक बार खाणाऱ्या यंत्रात महिन्याला २९० किलोच्या आसपास पितळ तुकड्यांतच जातं. म्हणून उरणाऱ्या टोकाची लांबी कोटेशनमध्ये छापून घ्यावी, तोंडी नको.

पुढचा मुद्दा अचूकतेचा. फसगत इथे सर्वांत सहज होते. समजा, १४ मिलिमीटरच्या बाहेरच्या व्यासावर एकूण २० मायक्रॉनची सूट आहे. एकाच स्पिंडलवरचे नग मोजले तर सिग्मा दीड मायक्रॉन येतो आणि क्षमतेचा निर्देशांक, म्हणजे सीपी, २.२ निघतो. उत्तम. पण सहा स्पिंडल म्हणजे सहा वेगळे लेथ. त्यांच्या सरासऱ्या आपसांत आठ मायक्रॉनांत समान पसरल्या, तर ट्रेमध्ये मिसळलेल्या नगांचा सिग्मा तीनच्या पुढे जातो आणि सीपी १.०७ वर येतो. ग्राहक मागतो १.३३ किंवा १.६७. यंत्र चांगलं, प्रत्येक स्पिंडल चांगला, तरीही लॉट परत! म्हणून चाचणीचे नग स्पिंडलच्या क्रमांकाप्रमाणे वेगळे ठेवायचे, प्रत्येकाचे पन्नास मोजायचे, मग एकत्र आकडा काढायचा. सीएनसी यंत्रात स्पिंडलगणिक वेगळी दुरुस्ती देण्याची सोय असते. ती विक्रेत्याकडून आपल्यासमोर करून दाखवून घ्यावी.

याला जोडूनच आपल्या जिल्ह्याचा उन्हाळा येतो. घाटावर बुलढाण्याला हवा बरी असते. घाटाखाली खामगाव-मलकापूरला मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांना भिडतो. मोजमापाचं जागतिक प्रमाण तापमान मात्र १९३१ पासून २० अंश सेल्सिअस आहे. पितळ दर अंशाला मीटरमागे सुमारे १९ मायक्रॉन वाढतं. शेडमध्ये ४२ अंशांवर असलेला आपला १४ मिलिमीटरचा व्यास ग्राहकाच्या वातानुकूलित खोलीत २० अंशांवर येईपर्यंत सुमारे ६ मायक्रॉन आक्रसतो. वीस मायक्रॉनच्या सुटीतला जवळजवळ तिसरा हिस्सा नुसत्या हवेने खाल्ला. तेव्हा कटिंग ऑइलसाठी चिलर आणि मोजणीसाठी एक बंद, थंड खोली हा खर्च यंत्राच्या किमतीतच धरायला हवा. ऑइलच्या धुक्यासाठी मिस्ट कलेक्टर आणि आगीची व्यवस्थाही त्यातच. पाणी न मिसळलेल्या (‘नीट’) ऑइलवर चालणाऱ्या बंद यंत्रात ठिणगी पडली, तर ती साधी गोष्ट नसते.

सेटिंग बदलायला लागणारा वेळ हा पुढचा निकष. मल्टीस्पिंडलला एका नगावरून दुसऱ्यावर जायला सहा तास लागतात असं धरू. एक लाख नगांची ऑर्डर २२२ तास चालते. तिथे सहा तास काहीच नाहीत. पण पाच हजारांची ऑर्डर अकरा तासांत संपते. म्हणजे यंत्राचा तिसरा हिस्सा वेळ पाने-पकड घेऊन उभं राहण्यात. आपल्याकडे येणाऱ्या ऑर्डरी बहुधा या दुसऱ्या जातीच्या असतात. आकार थोडा लहान-मोठा, पण बार, आटे आणि कामांचा क्रम तोच, असे एकाच कुळातले नग असतील, तर सेटिंग पुष्कळ आटोक्यात येतं. म्हणून ऑर्डर किती, याच्याइतकंच नगांचं कूळ एक आहे का, हे पाहायचं.

यंत्र बंद पडलं तर? पाच साध्या सीएनसींपैकी एक बसली, तर चार चालू राहतात. ड्रमचं यंत्र बसलं की सगळंच बसतं. समृद्धी महामार्ग मेहकर-सिंदखेडराजावरून गेल्यापासून घाटावरच्या लोकांना छत्रपती संभाजीनगर जवळ आलंय, हे खरं. पण सर्व्हिस इंजिनीअर लवकर पोचला तरी परदेशी सुटा भाग लवकर पोचेलच असं नाही. व्होल्टेजच्या चढउतारासाठी स्टॅबिलायझर लागणारच. आणि सेटर? आयटीआयचा हुशार पोरगा आपण दोन वर्षं शिकवून तयार करायचा आणि वाळूज किंवा चाकणने त्याला उचलायचं, हा आपला जुना अनुभव. एकाच माणसाच्या हातावर कोट्यवधींचं यंत्र ठेवू नये. निदान दोघं तयार असावेत.

आता तुलना. साध्या सीएनसीवर ४२ सेकंद, म्हणजे तासाला पंच्याऐंशीहून थोडे अधिक नग. पाच यंत्रांचे मिळून ४२८. मल्टीस्पिंडलचे ४५०. उत्पादन जवळपास सारखं. आणि पाच साध्या यंत्रांची बारफीडरसकट किंमत नव्या युरोपीय मल्टीस्पिंडलच्या किमतीचा लहानसा हिस्सा असते. मग जर्मनीत ते यंत्र परवडतं कसं? कारण तिथे कामगाराचा तास महाग, जागा महाग. एका माणसाने, एका कोपऱ्यात, पाच यंत्रांचं काम करून घेण्यातच तिथली बचत आहे. आपल्या एमआयडीसीत जागा तुलनेने स्वस्त आणि मजुरी तिथल्यापेक्षा कितीतरी कमी. त्यांचा फायद्याचा हिशोब जसाच्या तसा इथे लागू होत नाही. माहितीपत्रकात परतफेडीचा तक्ता असतो. त्यातला मजुरीचा दर बदलून पाहिला की वर्षं कशी वाढतात, ते लगेच दिसतं.

याचा अर्थ मल्टीस्पिंडल आपल्यासाठी नाहीच, असा नाही. एकाच कुळातले नग, महिन्याला दीड-दोन लाख, आणि ग्राहकाची निदान तीन वर्षांची लेखी मागणी. सोबत कच्च्या मालाचं भांडवल आणि दोन तयार सेटर. एवढं जुळलं, तर बुलढाणा जिल्ह्यातल्या कारखान्यानेही हे यंत्र निर्धास्त घ्यावं. त्याआधी आपलाच बार विक्रेत्याकडे पाठवून आठ तासांची सलग चाचणी घ्यावी, मोजमापं स्पिंडलवार लिहून घ्यावीत आणि तीच चाचणी यंत्र आपल्या शेडमध्ये बसल्यावर, शक्य तर उन्हाळ्यात, पुन्हा घ्यावी; शेवटचा हप्ता त्या दुसऱ्या चाचणीला बांधावा. यातली एक जरी गोष्ट कमी असेल, तर पाच साध्या सीएनसी घ्या, त्याही एकेक करून. पाडवा दरवर्षी येतो. ग्राहकाचं मागणीपत्र हातात आल्यावरचा पाडवा यंत्राच्या खरेदीला चांगला.