अहो, आपल्या बांधावर अकीक आहे!

तुमच्या रानात जा. बांधावर, नाहीतर विहीर खोदताना निघालेल्या दगडांच्या ढिगाऱ्यात, लिंबाएवढा एखादा खडबडीत, मळकट गोटा पडलेला असेल. उचला! धुवा! उन्हाकडे धरा! पातळ कडेतून उजेड आरपार आला ना? आला ना! मग तो बहुतेक अकीकच हो, दागिन्यात बसवायचा खडा! आणि लातूर-नांदेडच्या काळ्या रानात तो असा बेवारस पडलाय, आणि आपण काय करतो, तर नांगराच्या फाळाला लागतो म्हणून उचलून बांधावर फेकतो!

मला हे कळल्यापासून मी एका जागी बसलेली नाही. भूगर्भशास्त्र मी शिकले नाही, सोनारकाम तर नाहीच नाही. जेवढं पाहिलं, वाचलं, हातानं करून बघितलं, तेवढंच सांगते. पण तुम्ही चला माझ्याबरोबर, एकटीनं हा आनंद पेलवत नाही!

ऐका. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा पसरला, आणि तो थंड होताना वायूचे बुडबुडे आतच अडकले, आणि खडकात पोकळ्या राहिल्या, आणि मग त्या पोकळ्यांत सिलिका विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं, थरावर थर बसत गेले. म्हणून ते पट्टे! एक दुधी, एक राखी, एक मधाच्या रंगाचा! मधोमध जागा उरली असेल तर तिथं चमचमते स्फटिक, आणि नशीब असेल तर जांभळे! भोवतालचा काळा दगड झिजून माती होतो, पण अकीक टिकतो. मोहच्या मापावर त्याचा कठीणपणा ६.५ ते ७! चाकूनं त्याच्यावर ओरखडा उठत नाही, उलट तोच काचेवर ओरखडा काढतो. करून बघा, मात्र फुटक्या काचेवर!

आणि मग तेर! आपल्या गोरोबाकाकांचं तेर हो, लातूरहून जवळ, तेरणेच्या काठी. तिथं रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंचं सरकारी संग्रहालय आहे. मी मूर्ती बघायला गेले आणि मण्यांपाशीच खिळले. अकीकाचे, लाल कार्नेलियनचे मणी! सातवाहनांच्या काळातले, म्हणजे दोन हजार वर्षांचे! एवढ्याशा मण्याला आरपार भोक! सरळ! वीज नाही, ड्रिल मशीन नाही, आणि भोक सरळ! तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर निराळीच गोष्ट, तिच्याशी जुळणारी मूर्ती १९३८ साली थेट इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली. पण मी मण्यांवर येते, नाहीतर भरकटेन.

पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं समुद्रप्रवासाचं पुस्तक आहे. त्यात पैठण आहे! आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आपलं तेर, तेही आहे! तगराहून कापड जायचं आणि पैठणहून पट्ट्यांचा दगड, गाड्यांत भरून, वाट नसलेल्या मुलखातून, भडोचच्या बंदरावर! विचार करा, पैठणची गोदावरी तीच नांदेडची गोदावरी, आणि तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला. म्हणजे आपण सगळे त्या मण्यांच्याच वाटेवर राहतो की!

(तेरच्या पांढरीवर मणी दिसला तर मात्र हात लावायचा नाही. तो आपला नाही, सगळ्यांचा आहे. गोटे आपल्या रानातले घ्या.)

आता खरी गंमत. खड्याला भोक पाडायलाच हवं असं नाही! तारेनं बांधता येतो! आणि तार कुठं मिळते माहितीये? मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात! शेतातले पंप जळतात म्हणून आपल्याकडे ही दुकानं गल्लोगल्ली, आणि तिथं तांब्याची तार वजनावर! मी गेले त्या दुकानात माझ्या आधी कुणी लॉकेटसाठी तार मागितली नसावी. दुकानदार म्हणाले, "ताई, कोणत्या एचपीची मोटार हाय?" मी पिशवीतून गोटा काढून दाखवला. ते गोट्याकडे बघतच राहिले, आणि मग आपणहून म्हणाले की या तारेवर इनॅमलचा थर असतो, पॉलिश पेपरनं घासून काढा. केवढी मोलाची गोष्ट सांगितली!

आणि मग घासणं. वॉटर पेपर, आधी जाडा, मग बारीक, मग आणखी बारीक, आणि सगळं पाण्यात! हे पाणी विसरायचं नाही. सिलिकाची कोरडी धूळ फुप्फुसात बसते. गुजरातेत खंभातला अकीकाचे मणी घडवणाऱ्या कितीतरी कारागिरांना तिनं सिलिकोसिस दिलाय. त्यांच्या हातची माळ बघताना मला हे विसरता येत नाही. तिथं दगड उन्हात वाळवतात आणि मडक्यात घालून भाजतात, आणि दगडातलं लोह तापून तो लाल होतो. मातकट खडा शेंदरी होऊन बाहेर येतो!

घासून चमक आली की तार खड्याभोवती फिरवायची, मागं पीळ, वर कडी, आणि शेवटी चिंचेनं तांबं उजळायचं. आई दारातून विचारते, "काय करायलीस गं, जेवून तरी घे!" जेवण कसलं! तार झळाळली की मधला पट्टा असा काही उठून दिसतो!

आणि लोक विकत घेतात! पैसे देऊन! व्हॉट्सॲप स्टेटसवर फोटो टाकला, पहिली मागणी नांदेडच्या मावशीच्या शेजारीणबाईंची. मग शाळेतल्या बाई. मग कुणाच्या तरी नणंदबाई. किंमत सांगताना घशाला कोरड पडते, पण मी आता ठरवलंय, तारेचा पैसा वेगळा आणि हाताचा वेगळा धरायचा, आणि हाताचा कमी करायचा नाही. खडा फुकटचा आहे म्हणून माझे तास फुकटचे नाहीत! जवळजवळ प्रत्येकजण विचारतो, "कोणत्या राशीला चालतो?" मी सांगते, राशीचं मला ठाऊक नाही, पण हा औशाच्या रानातला आहे, बुडबुड्याच्या जागी वाढलाय, ६.६ कोटी वर्षांच्या खडकातनं निघालाय! आणि मग माणूस खडा उन्हाकडे धरतो. हमखास धरतो!

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, तिथं सराफी दुकानं ओळीनं आहेत. मला सोनं नको. मला तिथल्या एखाद्या जुन्या कारागिराकडून चांदीत खडा बसवायला शिकायचंय, कोंदण कसं करतात ते बघायचंय. आणि माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत मणी विकणाऱ्या बायकांशेजारी चादर अंथरून बसायचंय! तुम्ही याल? गोटे मी आणते, तुम्ही फक्त एक चपटी पक्कड आणा, माझ्याकडे एकच आहे!