जोहरची काच, असरची काच

आम्ही दोघी बहिणी. एकीचं सासर नांदेडला, दुसरीचं लातूरला. मधला रस्ता लोहा, अहमदपूर, चाकूर असा जातो. लग्नं, बाळंतपणं, मयती, ईद या निमित्ताने तो इतक्यांदा तुडवला आहे की कोणत्या वळणावर ऊन डोळ्यांत घुसतं हे आम्ही डोळे मिटून सांगू. नांदेडहून असरच्या सुमाराला निघालं की सूर्य बहुतेक वेळ समोर असतो. लातूरहून फज्रनंतर निघालं तरी समोरच.

या रस्त्यावर आमच्या दोन्ही घरांतले पुरुष गॉगल लावून गाडी चालवतात. मागे बसलेल्या आम्ही ओढणीचं टोक कपाळावर ओढून घेतो. एकदा सहज मोजलं, तर दोन घरांत मिळून सात गॉगल निघाले आणि सातही मुलांचे किंवा त्यांच्या अब्बांचे. बाईचा एकही नाही. गॉगल म्हणजे शौक, आणि बाईने शौक करायचा तर बांगड्यांचा करावा, असाच काहीसा हिशेब असावा.

हा हिशेब आमच्या आपांच्या डोळ्याने मोडला. आपा म्हणजे आमच्या थोरल्या चुलत बहीण. चाकूरकडे शेती, आयुष्य तुरी-सोयाबीनच्या रानात गेलं. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून एक गुलाबी पडदा हळूहळू बुबुळाकडे सरकत आला. आपल्याकडे ‘डोळ्यात मांस वाढलं’ म्हणतात, उर्दूत नाखूना. डॉक्टरांनी पहिला प्रश्न उन्हाचा विचारला, दुसरा धुळीचा. वर्षानुवर्षांचं ऊन, वारा आणि धूळ ही त्याची नेहमीची कारणं. ऑपरेशन करून पडदा काढता येतो, पण पुन्हा ऊन लागलं तर तो परतही येतो. म्हणून डॉक्टर म्हणाले, गॉगल लावा. आपांच्या सासूबाई म्हणाल्या, “बुरख्यावर काळा चष्मा? लोक काय म्हणतील?” मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी स्वतः दीड महिना काळा चष्मा लावला होता, तेव्हा मात्र कोणी काही म्हटलं नव्हतं.

मग आम्ही दोघींनी ठरवलं की हा विषय नीट समजून घ्यायचा. चष्म्याच्या दुकानदारांना विचारलं, डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं, थोडं वाचलं. आमचे सगळ्यात जास्त समज एकाच जागी उलटेपालटे झाले. काच जितकी काळी तितका डोळा सुरक्षित, असं आम्ही धरून चाललो होतो. तसं नाही. डोळ्याला जे बाधतं ते अतिनील किरण आपल्याला दिसतच नाहीत. ते अडवायची ताकद काचेच्या रंगात नसते, काचेच्या द्रव्यात किंवा तिच्यावरच्या लेपात असते. अगदी पांढरी, पारदर्शक काचसुद्धा ते पूर्ण अडवू शकते. उलट माळेगावच्या जत्रेत किंवा कंधारच्या उरसात लेकरांना घेऊन देतो तो काळा प्लास्टिकचा गॉगल बहुधा नुसता अंधार करतो. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि काच जर किरण अडवत नसेल तर तेच किरण जास्त आत जातात. हजार वर्षांपूर्वी बसऱ्याच्या इब्न अल-हैसम यांनी ‘किताबुल मनाज़िर’मध्ये मांडलं की प्रकाश डोळ्यातून बाहेर जात नाही, वस्तूकडून डोळ्यात येतो. त्यासाठी त्यांनी दिलेल्या पुराव्यांत एक अगदी घरगुती होता: सूर्याकडे पाहिलं की डोळा दुखतो.

तेव्हा पहिली अट ‘यूव्ही ४००’. म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणारी काच. नुसतं स्टिकर पाहून समाधान मानू नका. बऱ्याच चष्मेवाल्यांकडे हे मोजायचं छोटं यंत्र असतं, दोन मिनिटांत दाखवतात. वजिराबादच्या एका दुकानात आम्ही घरातले सातही गॉगल नेऊन ठेवले. दुकानदार हसला, पण त्याने तपासून दिले. त्यातला सगळ्यात महाग सगळ्यात चांगला निघाला नाही, एवढंच सांगतो.

काळेपणा किती हवा, हा त्यानंतरचा प्रश्न. चांगल्या गॉगलच्या दांडीच्या आतल्या बाजूला ० ते ४ असा एक आकडा असतो. ३ म्हणजे शंभरातला ८ ते १८ भाग उजेड आत येतो. आपल्या एप्रिल-मेला हाच. २ म्हणजे १८ ते ४३ भाग, ढगाळ दिवसांना पुरेसा. ४ क्रमांकाची काच हिमशिखरांसाठी असते, ती लावून गाडी चालवायची नाही.

आपल्याकडचं ऊन कसं असतं ते वाचकांना सांगायला नको. मेच्या मध्यावर जवालच्या वेळी नांदेड-लातूरला सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली पायातच विरते. पण गंमत अशी की त्या वेळी भुवया डोळ्यांवर थोडी सावली धरतात. सकाळी नऊच्या सुमाराला आणि असरच्या वेळी किरण तिरपे, थेट डोळ्यात येतात. दुपारी घरात बसून पाचला निर्धास्त बाहेर पडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. म्हणूनच कडेने वळलेली, गालापर्यंत येणारी फ्रेम छोट्या गोल फ्रेमपेक्षा बरी.

रंगाचं म्हणाल तर करडी काच सगळे रंग जसेच्या तसे दाखवते. तपकिरी काचेतून खड्डे, गतिरोधक जास्त उठून दिसतात. रस्त्यासाठी आमची पसंती तपकिरीला. निळ्या-जांभळ्या काचा फोटोपुरत्या ठीक. पोलराइज्ड काच ओल्या किंवा चकाकत्या रस्त्यावरची तिरीप कापते, मात्र तिच्यातून मोबाइलचा पडदा एका कोनात काळा दिसतो. खरी पोलराइज्ड ओळखायची हीच खूण. उन्हात आपोआप काळी होणारी काच आपल्या हवेत मार खाते: गरमीत ती पूर्ण काळी होत नाही, आणि मोटारीत समोरची काचच अतिनील किरण अडवत असल्याने फारशी काळी होतच नाही.

भाचा कॉलेजच्या सहलीबरोबर गुलमर्गला गेला होता. तिथून त्याने बर्फावर घसरायचा गॉगल आणला, पोहणाऱ्यांच्या चष्म्यासारखा मोठा, पट्ट्याचा, आणि सोबत दोन काचा. एक काळी, एक पिवळी. पिवळी कशाला, असं सगळ्यांना वाटलं. बर्फाळ डोंगरावर ढग आले की जमीन-आकाश एकच पांढरं होतं, चढ-उतार दिसेनासे होतात. पिवळी किंवा गुलाबी काच निळा उजेड कमी करते, त्यामुळे खळगे पुन्हा नजरेला येतात. कडक ऊन पडलं की काळी. ताजा बर्फ अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो, कोरडी वाळू सुमारे १५ टक्के. त्यामुळे बर्फात खालूनही मार बसतो. उत्तरेकडच्या बर्फात राहणारे इनुइट लोक काच नव्हती तेव्हा हाडाच्या किंवा लाकडाच्या पट्टीला बारीक फट पाडून ती डोळ्यांवर बांधत.

भाच्याने तो गॉगल लोह्याच्या रस्त्यावर लावून पाहिला. कडेचा स्पंज घामाने भिजला आणि दहा मिनिटांत निघाला. पिवळी काच मात्र पावसाळी दुपारी आणि जानेवारीत गोदावरीकाठच्या धुक्यात खरंच उपयोगी पडते. रात्री नाही. ‘नाइट ड्रायव्हिंग’ म्हणून पिवळे चष्मे सर्रास विकतात. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या चष्म्यांनी रात्री पायी चालणारा माणूस लवकर दिसतो असं आढळलं नाही. रात्री काच पांढरी आणि पुसलेली, बस.

बर्फात उघड्या डोळ्यांनी फिरलं की काही तासांनी डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग होते, पाणी वाहतं, उजेड सोसत नाही. आमच्या धाकट्या भावाचं वेल्डिंगचं काम आहे. त्याने हे ऐकलं आणि म्हणाला, “हे तर आमचंच दुखणं!” खरंच तेच. वेल्डिंगच्या ठिणगीत तेच किरण असतात. तिथे उन्हाचा गॉगल अजिबात चालत नाही, कामानुसार १० ते १२ क्रमांकाची वेल्डिंगची काचच लागते. आणि डोळे आले म्हणून कच्च्या दुधाचे थेंब घालू नका, डॉक्टरांकडे जा. दादी सुरमा लावायला सांगायच्या. सुरमा सुरम्याच्या जागी, काच काचेच्या.

लातूरला शिकवणीला जाणाऱ्या आमच्या मुली स्कूटीवर निकाब बांधून निघतात. सगळा चेहरा झाकलेला आणि डोळे तेवढे उघडे, म्हणजे गंजगोलाईची सगळी धूळ तिथेच. त्यांची तक्रार वेगळीच होती. निकाबातून श्वास वर येतो आणि काच धुरकटते. बर्फातल्या गॉगलला याचसाठी दुहेरी काच आणि वर-खाली हवेची छिद्रं असतात. आपण एवढं करायचं: निकाबची वरची कड नाकावर ताणून बसवायची, फ्रेमचा खालचा काठ तिच्यावर टेकवायचा, दांड्या निकाबच्या बाहेरून कानावर न्यायच्या. फ्रेम गालाला अगदी चिकटलेली नको, बोटभर हवा खेळू द्या.

आपांसाठी तपकिरी, ३ क्रमांकाचा, कडेने वळलेला घेतला. सासूबाईंनी आधी हातात घेऊन उलटसुलट पाहिला, मग लावून अंगणात जाऊन आल्या. आता रानात कोणी जायचं असलं की तो आधी कोणाच्या पिशवीत जातो यावरून दोघींत रोज वाद होतो. दुसरा घ्यायला पुढच्या बाजारात आम्ही लातूरला जाणार आहोत.