बॅटीच्या मुठीवरचा साक्षीदार

बॅट फिरवून झाल्यावर ती नेमकी कशी फिरली, हे फिरवणाऱ्याला सांगता येत नाही. रिद्धपूरच्या पोरांना नेटमध्ये खेळवताना ही गोष्ट मला रोज दिसते. "बॅट कुठून आली रे?" असं विचारलं की पोरगा छातीठोकपणे सांगतो, "सर, म्या तं सरळच मारला!" तो खोटं बोलत नसतो, त्याच्या अंगाला तसंच वाटलेलं असतं. ताशी 130 किलोमीटरचा चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटून बॅटीपर्यंत यायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात चेंडू ओळखायचा, फटका ठरवायचा, पाय टाकायचा आणि बॅट खाली आणायची. त्या गडबडीत हाताचा हिशोब ठेवायला मन रिकामं नसतं. मागे उरतो तो फक्त चेंडू कुठे गेला याचा आनंद किंवा हळहळ, आणि पोरगा त्यावरून बॅटीचा रस्ता आठवू पाहतो. चौकार गेला तर बॅट सरळ आली असणार. त्रिफळा उडाला तर चेंडू खाली राहिला असणार.

म्हणून मी बॅटीच्या मुठीच्या टोकाला सेन्सर लावतो. रबरी टोपीत बसणारी ही छोटीशी डबी ब्लूटूथने मोबाइलला जोडलेली असते. तिच्या आत मुख्यतः दोन भाग. वेग कसा वाढतो-घटतो ते अॅक्सेलरोमीटर टिपतो आणि बॅट कोणत्या दिशेने किती झपाट्याने वळते ते जायरोस्कोप टिपतो. मोबाइल आडवा केला की पडदाही आडवा होतो, ते याच जातीच्या भागांमुळे. चेंडू लागला की बॅटीला झटका बसतो, आकड्यांच्या रेघेत तिथे एकदम टोक उभं राहतं, आणि यंत्राला टोल्याचा क्षण कळतो. पुढे पडद्यावर सगळं येतं: बॅट मागे किती उचलली, कोणत्या दिशेने खाली आली, तिचा सर्वांत जास्त वेग किती होता आणि टोल्याच्या क्षणी किती उरला.

एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. जायरोस्कोप कोन मोजत नाही, वळण्याचा वेग मोजतो, आणि क्षणाक्षणाच्या वेगाची बेरीज करून कोन काढला जातो. त्या बेरजेत बारीक चूकही साठत जाते. म्हणून आधी बॅट स्टंपांच्या रेषेत धरून स्थिर ठेवायची, तिथे शून्य धरायचं आणि मगच खेळायला लागायचं. पोरांना याची घाई असते. मी घाई करू देत नाही.

हे तंत्र गोल्फवाल्यांनी आपल्या आधी जवळ केलं. हातमोज्यावर, मनगटावर, कमरेला सेन्सर बांधून ते आपला स्विंग तपासतात. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिम्पिकमध्ये गोल्फ खेळला, तरी आमच्या मोर्शी तालुक्यात गोल्फची काठी हातात धरलेला माणूस मला भेटलेला नाही. पण त्या खेळातली एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. जॉन नोव्होसेल या अमेरिकन माणसाने मोठ्या गोल्फपटूंच्या चित्रफितींतल्या चौकटी मोजल्या. स्विंग जलद असो की संथ, काठी मागे न्यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या साधारण एक तृतीयांश वेळात ती खाली येते, असं त्याला आढळलं. म्हणजे ताकदीच्या आधी ताल येतो. क्रिकेटमध्ये 2017च्या चॅम्पियन्स करंडकात इंटेलचा सेन्सर बॅटीवर दिसला, आणि पुढच्याच वर्षी अनिल कुंबळेच्या कंपनीने बॅटीच्या पाठीवर चिकटवायचा हलका स्टिकर आणला.

आता आमचा एक पोरगा. वडिलांबरोबर संत्र्याच्या बागेत राबतो, तोडणीच्या दिवसांत भरलेले कॅरेट ट्रकमध्ये चढवतो. हाताला जबर ताकद. टेनिस बॉलच्या सामन्यांत त्याचा आडवा पट्टा गावोगाव ठाऊक आहे. पण लेदर बॉल आला की चेंडू एक तर कडेला लागून मागे, नाही तर मिड-ऑनच्या हातात. सेन्सर लावला तेव्हा त्याचा सर्वाधिक वेग नेटमधल्या सगळ्यांपेक्षा जास्त निघाला. तो खूश झाला. मी बोट पुढच्या आकड्यावर ठेवलं. टोल्याच्या क्षणी तोच वेग बराच उतरलेला होता. बॅट आपलं सगळं बळ चेंडू यायच्या आधीच खर्चून बसत होती, कारण खालचा हात तिला वरूनच ओढत होता. टेनिस बॉल हलका आणि उसळी घेणारा, तिथे ही ओढ चालून जाते. लेदर बॉलला चालत नाही.

"हे मशीन खोटं बोल्ते सर," तो म्हणाला.

मी सेन्सर काढला. बॅट उलटी करून पात्याकडून धरायला लावली आणि चेंडूशिवाय फिरवायला सांगितलं. ही युक्तीही गोल्फमधलीच. मूठ हवा कापते तेव्हा सूं असा आवाज येतो, आणि तो कुठे येतो ते ऐकायचं असतं. त्याचा आवाज उजव्या खांद्याजवळच येऊन विरायचा. "हा आवाज पुढच्या पायाच्या बुटाजवळ यायला पाहिजे," मी म्हटलं. तो कान देऊन फिरवत राहिला. मग बॅट सुलट करून खालच्या हाताचा फक्त अंगठा आणि दोन बोटं मुठीला लावायची, बाकी सगळं वरच्या हाताने. पोराला हे बायकी वाटलं, चेंडू लांब जाईना म्हणून चिडलाही. काही आठवड्यांनी दोन आकडे जवळ आले. सर्वाधिक वेग थोडा घटला होता, पण चेंडू आधीपेक्षा लांब जात होता.

तरी पडद्यावरचा लाल रंग म्हणजे निकाल, असं मी मानत नाही. बॅट पहिल्या स्लिपच्या बाहेरून खाली आली की अॅप तांबडं होतं. डॉन ब्रॅडमन लहानपणी बोरालच्या घरामागे पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर गोल्फचा चेंडू मारायचा, आणि परतून येणारा चेंडू एका स्टंपने टोलवायचा. त्याची बॅट मागे जायची ती स्लिपच्या दिशेने, आणि वळसा घेत खाली यायची. पुस्तकातल्या सरळ बॅकलिफ्टशी तिचा मेळ नव्हता. कसोटीतली सरासरी 99.94. त्याच्या बॅटीला ही डबी लावली असती तर पडदा दिवसभर लालच राहिला असता. आमच्या नेटमध्ये एका मुलीची बॅट अशीच वळसा घेऊन येते, पण टोल्याच्या क्षणी पातं दर वेळी चेंडूसमोर उभं असतं. तिच्या बॅटीला मी हात लावला नाही.

शिवाय यंत्राला चेंडू दिसत नाही. डोकं पडतंय का, पाय अडकलाय का, हेही कळत नाही. गोल्फचा चेंडू जागेवर पडून वाट पाहतो, त्यामुळे तिथे स्विंगच्या आकड्यांत बरंच काही येऊन जातं. आपला चेंडू टप्पा पडून वळतो, थांबतो, खाली राहतो. काळ्या मातीवर अंथरलेल्या मॅटिंगवर तर भेगेनुसार त्याचं मन बदलतं.

म्हणून मी एक नियम केला आहे. चेंडू खेळून झाला की मोबाइल माझ्या हातात, पालथा. आधी पोराने सांगायचं: बॅट कुठून आली, लवकर आली की उशिरा, कोणता हात पुढे होता. ते वहीत लिहायचं. मग समोरच्या गोलंदाजाला विचारायचं, त्याला काय दिसलं. शेवटी मोबाइल उलटा करायचा. म्हाइंभटांनी याच रिद्धपुरात बसून लीळाचरित्र लिहिलं, ते ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्या एकेकाला गाठून, विचारून. आठवण कुणा एकाची पुरत नाही, हे ते जाणून होते. माझ्या नेटमध्ये सेन्सर हा असाच एक साक्षीदार आहे. त्याची साक्ष घ्यायची, पण पोराची आणि गोलंदाजाची साक्ष झाल्यावर.

या वहीने मला जे दाखवलं ते कुठल्या अॅपमध्ये नाही. सुरुवातीला पोरांचं सांगणं आणि पडद्यावरचं दिसणं यांचा ताळमेळ नसायचा. हळूहळू दोन्ही जुळायला लागली, आणि आकडे सुधारायच्या आधी सांगणं सुधारलं. "सर, उशीर झाला, खालचा हात घुसला," असं तो बागेतला पोरगा स्वतःहून म्हणाला तेव्हा बॅट अजून वाकडीच येत होती. पण तिथून पुढे त्याला शिकवणं सोपं गेलं, कारण आता दुरुस्ती तो स्वतः करत होता. पोराचं सांगणं बरेच दिवस पडद्याशी जुळत राहिलं की मी त्याच्या बॅटीवरून डबी काढतो आणि दुसऱ्याच्या बॅटीला लावतो.

अमरावतीच्या जितेश शर्माने 2025च्या आयपीएलमध्ये लखनौला 33 चेंडूंत नाबाद 85 धावा ठोकल्या, तेव्हापासून पोरांना सेन्सर हवा असतो तो वेगाचा आकडा बघायला. बघू द्यावा, वेगाची हौस असलीच पाहिजे. फक्त सामन्याच्या आदल्या दिवशी मी डबी कुणालाच देत नाही. तेव्हा नुसते चेंडू खेळायचे, जेवढे अंगाला झेपतील तेवढे. सोयाबीन निघालं की लेदर बॉलचे सामने सुरू होतात. यंदा बागेतला पोरगा तिसऱ्या क्रमांकावर खेळेल, आणि ती मुलगी सलामीला.