इंजिनाला नजर लागत नाही

उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा दिवसांतही रावेर-सावद्याची केळी भरून ट्रक उत्तरेकडे निघतात. ड्रायव्हर, क्लिनर म्हणून आपल्या वस्त्यांतील कितीतरी तरुण त्यांवर असतात. गाडी मालकाची असते, पण केबिनमधला धूर जातो तो या पोरांच्या छातीत.

धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात १९३७ साली बाबासाहेब मुक्कामाला होते. दरवर्षी ३१ जुलैला आपण तेथे अभिवादनाला जमतो. त्याच आग्रा रोडवर कडेला उभे तापलेले ट्रक दिसतात, पुढे लिंबू-मिरची टांगलेली. आपलाच एखादा पोरगा म्हणतो, "दादा, गाडीला नजर लागली." हे ऐकून वाईट वाटते.

तथागतांनी दुःखाला कारण असते असे सांगितले. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे त्यांनी कालामांना बजावले. धुळ्याचा एक वयस्क मिस्त्री इंजिन असेच पारखतो. त्याच्याकडून समजून घेतलेले येथे देतो.

सकाळी थंड इंजिन चालू करताच टकटक आवाज येतो आणि इंजिन तापल्यावर तो कमी होतो, तर मॅनिफोल्डचा जोड पाहावा. लोखंड तापून फुगते, फट बुजते, म्हणून आवाज दबतो. दोष मात्र तसाच राहतो. जोडाजवळ काजळीचे काळे ओघळ दिसले की गॅस्केट गेले समजावे. टर्बोच्या गाडीत धूर टर्बोच्या आधीच निसटला, तर इंजिनाला हवा कमी पडते. मग चढावर गाडी ओढत नाही, काळा धूर सोडते आणि जास्त तापते.

पाणी उकळत असेल तर रेडिएटरच्या जाळीत कापूस-धूळ बसली आहे का, फॅन बेल्ट सैल आहे का, हे आधी पाहावे. थंड इंजिन चालू करून रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला तर रंगही नाही, वासही नाही. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे. म्हणून इंजिन चालू ठेवून बंद केबिनमध्ये झोपू नये.

भगिनींनो, घरचा माणूस फेरीवरून आला की विचारा, "केबिनमध्ये धूर येतो का? डोके दुखते का?" होय म्हणाला तर मालकाकडे एकट्याला पाठवू नका, चार ड्रायव्हरांनी मिळून जावे. "पुढच्या फेरीला बघू" हे उत्तर ऐकून परतू नये. गॅस्केट नवे मिळते, फुफ्फुस मिळत नाही.

जयभीम!